हूक-पट्टीच्या कृतीचं पेटंट ‘ऑब्व्हियस’ म्हणून नाकारलं? अमेरिकेतलं अपील असं लढवा

शाळेच्या दप्तराचं जुनं वेल्क्रो आणि साच्यातून काढलेली प्लॅस्टिकची हूक-पट्टी शेजारी ठेवून भिंगातून बघा. दप्तराच्या पट्टीतला प्रत्येक आकडा म्हणजे जाड नायलॉन धाग्याचा कापलेला फास असतो. एका बाजूला वळलेलं टोक, दुसऱ्या बाजूला उरलेला खुंट. साच्यातल्या पट्टीत खुंट सापडत नाही. आकडे एकसारखे, दोन्ही अंगांनी चपटे, पत्र्यातून कातरल्यासारखे. पहिली पट्टी मागावर विणलेली, दुसरी ओतलेली. पेटंटची भांडणं मुख्यतः या दुसरीच्या कृतीवरून होतात, कारण आकड्याचा आकार जुनाच असतो आणि नवं काही असलंच तर ते यंत्रावर घडतं.

मूळ कल्पना स्विस इंजिनिअर जॉर्ज द मेस्त्राल यांची. १९४१ मध्ये फिरून आल्यावर कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी बोंडं त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. आपल्याकडे आघाड्याच्या तुऱ्याला धोतर घासलं की जे होतं, तोच प्रकार. १९५५ मध्ये त्यांना अमेरिकेचं पेटंट मिळालं. ‘वेल्क्रो’ हा ब्रँड आहे, त्यामुळे कायद्याच्या कागदात ‘हूक अँड लूप फासनर’ असं लिहायचं. नवखा माणूस पहिल्याच मसुद्यात इथे अडखळतो.

आता तुमची अडचण. अशा पट्टीच्या कृतीसाठी अमेरिकेत अर्ज केलाय, पेटंट कार्यालयाच्या एक्झामिनरने कलम १०३ खाली ‘हे तर सहज सुचण्यासारखं आहे’ म्हणत फायनल रिजेक्शन पाठवलंय, आणि वकील विचारतोय, अपील करायचं का? माझ्या अनुभवात या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात दडलेलं असतं. एक्झामिनरने दोन जुने कागद जोडताना ‘का’ जोडले याचं कारण जिथे लिहिलंय, ते वाक्य. आपला शोध किती थोर, बाजारात किती खपला, यावर अपिलं क्वचितच फिरतात. ते वाक्य मोडलं तर फिरतात.

आधी यंत्रापाशी उभे राहा

कायदा वाचायच्या आधी कृती समजून घ्या. मी पाहिलेल्या कच्च्या ब्रीफपैकी, म्हणजे अपिलाच्या लेखी युक्तिवादांपैकी, बहुतेकांमध्ये वकिलाला यंत्र दिसलेलंच नव्हतं.

साच्यात आकडे काढायची मुख्य रीत अशी. पोलादाच्या पातळ गोल चकत्या एका दांड्यावर घट्ट रचतात. काही चकत्यांच्या कडेला आकड्याच्या आकाराच्या खाचा असतात, मधल्या चकत्या सपाट असतात. अशा शेकडो चकत्यांचा मिळून एक रोलर होतो. त्याच्या आणि शेजारच्या दाबाच्या रोलरच्या फटीत वितळलेलं पॉलिप्रॉपिलीन किंवा नायलॉन सोडतात. प्लॅस्टिक खाचांत शिरतं, आतून पाण्याने थंड केलेल्या रोलरवर गोठतं, आणि पुढे पट्टी ओढून सोलली जाते. आकडे चपटे का दिसतात हे आता कळलं असेल. त्यांच्या दोन्ही अंगांना सपाट चकती होती.

गंमत सोलण्यात आहे. मोदकाचा साचा उघडल्याशिवाय मोदक बाहेर येत नाही, कारण कळ्या अडकतात. आकडा तर खाचेत वळून बसलेला, तरीही रोलर उघडत नाही. आकडा अजून लवचीक असतानाच तो सरळ होऊन निसटतो आणि बाहेर आल्यावर पुन्हा वळतो. सलग पट्टी काढायच्या या रीतीवरचं फिशर यांचं १९८८ चं अमेरिकी पेटंट, क्रमांक ४,७९४,०२८, या क्षेत्रातल्या रिजेक्शनमध्ये ‘प्रायर आर्ट’ म्हणून, म्हणजे आधीच जाहीर झालेलं ज्ञान म्हणून, पुढे येऊ शकतं. नसलं तरी वाचा.

दुसरी रीत सोऱ्यातून शेव पाडण्याची. आकड्याच्या आकाराच्या जाळीतून प्लॅस्टिकच्या सलग कडा काढायच्या, त्या आडव्या चिरायच्या, मग पट्टी लांबीत ताणायची, की चिरलेल्या कडांचे तुकडे फाकून वेगवेगळे आकडे होतात. १९९० चं ४,८९४,०६० हे डायपरसंबंधीचं पेटंट या घराण्यातलं. तिसऱ्या रीतीत आधी नुसत्या सरळ काड्या ओततात आणि मग गरम रोलरने त्यांची डोकी चेपून भूछत्रासारखी करतात. शिवाय फटीतच कापड सोडून पट्टीला पाठीमागून चिकटवायची जोडरीत आहे.

या रीती डोक्यात ठेवा, कारण एक्झामिनर बहुधा एका रीतीतला टप्पा उचलून दुसरीत बसवतो.

१०३ म्हणजे नेमकं काय

अमेरिकेच्या पेटंट कायद्यात १९५२ साली हे कलम आलं. तुमचा शोध आणि प्रायर आर्ट यांतला फरक असा असेल, की त्या क्षेत्रातल्या साधारण कसबी माणसाला अर्जाच्या तारखेआधीच तो सहज सुचला असता, तर पेटंट नाही. हा कसबी माणूस काल्पनिक असतो. त्याने सगळे जुने कागद वाचलेत, पण तो प्रतिभावान नाही.

हे कसं तपासायचं ते १९६६ च्या ग्रॅहॅम विरुद्ध जॉन डिअर खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं. प्रायर आर्टमध्ये काय आहे, क्लेमशी, म्हणजे अर्जात ज्यावर हक्क सांगितलाय त्या मजकुराशी, त्याचा फरक काय, आणि कसबी माणसाची पातळी कोणती, या क्रमाने जायचं. जोडीला बाजारातलं यश, खूप काळ न सुटलेली गरज, इतरांचं अपयश अशा गोष्टीही पाहायच्या. मग २००७ चा केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स, गाडीच्या पेडलवरचा खटला. ‘दोन कागद जोडा’ असं जुन्या कागदातच लिहिलेलं हवं, ही ताठर कसोटी तिथे सैल झाली. कोर्ट म्हणालं, कसबी माणसालाही थोडी कल्पकता असते, तो यंत्रमानव नव्हे. पण त्याच निकालात एक गोष्ट उचलून धरली गेली. जोडण्याचं कारण स्पष्ट शब्दांत मांडलंच पाहिजे, नुसता निष्कर्ष चालणार नाही. २००६ च्या ‘इन रे कान’ या निकालातलं हे तत्त्व आहे आणि तुमचं अख्खं अपील त्याच्यावर उभं राहणार आहे.

रिजेक्शन कागदावर फोडा

एक मोठा कागद घ्या. डावीकडे क्लेमचा प्रत्येक टप्पा एकेका ओळीत. समोर, एक्झामिनर म्हणतो तो टप्पा कुठल्या पेटंटच्या कुठल्या परिच्छेदात आहे. तिसऱ्या रकान्यात जोडण्याचं कारण, त्याच्याच शब्दांत.

समजा तुमचा क्लेम असा आहे: खाचांच्या रोलरवर आकडे ओतणं, पट्टी सोलणं, आणि मग ती रुंदीत ताणून आकड्यांच्या रांगा एकमेकींपासून लांब करणं. एक्झामिनरने पहिले दोन टप्पे रोलरच्या पेटंटात दाखवले आणि ताणण्याचा टप्पा सोऱ्याच्या पेटंटातून आणला. कारण दिलं, ‘आकडे वेगवेगळे करण्यासाठी’.

नवखा माणूस इथे लिहितो: ‘दुसऱ्या पेटंटात लांबीत ताण आहे, आमच्यात रुंदीत.’ एवढ्यावर भागत नाही. एक्झामिनर म्हणणार, ताणायची दिशा बदलणं ही कसबी माणसाची रोजची निवड. आणि ‘रोलरच्या पेटंटात ताण नाही, सोऱ्याच्या पेटंटात रोलर नाही’ असं एकेका कागदाला सुटं झोडपण्याचा उपयोग नाही, कारण रिजेक्शन दोघांच्या जोडीवर आहे. १९८१ च्या ‘इन रे केलर’ पासून हे पक्कं आहे.

जोरकस मुद्दा तिसऱ्या रकान्यात सापडतो. सोऱ्याच्या रीतीत ताण का द्यावा लागतो? चिरलेल्या कडा एकमेकींना टेकलेल्या असतात, ताण दिल्याशिवाय आकडे सुटे होतच नाहीत. रोलरच्या रीतीत आकडे खाचेतून निघतात तेव्हाच सुटे असतात. मग ‘आकडे वेगवेगळे करण्यासाठी’ हे कारण रोलरवाल्या माणसाला लागूच कसं होईल? त्याच्याकडे तो आजारच नाही.

एक्झामिनर हुशार असला तर उत्तरात म्हणेल, ‘बरं, मग प्लॅस्टिक वाचवण्यासाठी.’ हे कारण खरोखर जड आहे. त्याची तयारी आधीच हवी. तसं लिहिलेला कागद फाइलमध्ये आहे का? आणि हे कारण आधीच्या रिजेक्शनमध्ये होतं का? नसेल तर ते नवं कारण आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

आणखी चार ठिकाणं चाचपायची. जोड केल्यावर पहिल्या पेटंटचा हेतूच बिघडतो का? १९८४ च्या ‘इन रे गॉर्डन’ मध्ये रक्त गाळायची वस्तू उलटी धरली तर ती निकामी होत होती, म्हणून रिजेक्शन टिकलं नाही. जुना कागद तुमच्या वाटेपासून परावृत्त करतो का? इथे जपून, ‘दुसराही पर्याय आहे’ एवढं म्हणणं म्हणजे परावृत्त करणं नव्हे. तुमचा क्लेम तापमान, दाब किंवा वेगाच्या ठरावीक मापावर उभा असेल तर १९५५ चं ‘इन रे ॲलर’ आडवं येतं: ज्या गोष्टीचा परिणाम होतो हे आधीच माहीत आहे, तिची योग्य मात्रा चाचण्या करून काढणं शोध नव्हे. तिथे अनपेक्षित परिणाम मोजून दाखवावा लागतो. चौथं ठिकाण म्हणजे दुसरा कागद तुमच्या क्षेत्रातला आहे का, आणि त्याच्यासाठी एक खटला सविस्तर सांगायलाच हवा.

आकड्याचाच खटला: इन रे ओटिकर

गॅरेजवाला ज्याला होज क्लिप म्हणतो, रबरी नळीवर आवळायची धातूची पट्टी, तिच्या सुधारणेचा हा अर्ज. जोडणीआधी क्लिप जागेवर राहावी म्हणून ओटिकर यांनी एक छोटा आकडा दिला होता. एक्झामिनरने कपड्यांना लावायच्या प्लॅस्टिकच्या हूकचं पेटंट आणून जोडलं. पेटंट कार्यालयाच्या अपील बोर्डाचं म्हणणं असं, की कपड्यांत हूक सर्रास असतात, तेव्हा क्लिप सुटतेय म्हणून त्रासलेला माणूस कपड्यांच्या धंद्याकडेही बघेल.

१९९२ मध्ये फेडरल सर्किटने, म्हणजे बोर्डाच्या वरच्या कोर्टाने, हे उलटवलं. दुसरा कागद एकतर शोधकाच्याच क्षेत्रातला हवा, नाहीतर त्याला सतावणाऱ्या प्रश्नाशी निगडित हवा. क्लिपच्या कारखान्यातला माणूस शिलाईच्या हूकमध्ये उत्तर शोधायला जाईल, याचं काही कारण बोर्डाने दाखवलं नव्हतं. तुकडे सापडतात म्हणून शोध आधीच होता असं होत नाही. ते तुकडे एकत्र आणण्याची प्रेरणा कुठून आली ते सांगावं लागतं.

आता उलट बाजू. हूक-पट्टीच्या अर्जात या खटल्याचा आधार घेताना हात आखडता घ्या. एक रोलर आणि दुसरा सोऱ्या असला, तरी दोन्ही आकड्यांच्या पट्ट्याच, क्षेत्र तेच. हा मुद्दा तेव्हाच काढावा, जेव्हा एक्झामिनरने खरोखर लांबून, बुटाच्या तळव्याच्या किंवा खेळण्याच्या साच्यातून काही उचललंय. नाहीतर बोर्डासमोर पहिल्याच पानावर तुमची पत जाते.

पुरावा असेल तर तो आधी

अनपेक्षित परिणाम, इतर कंपन्यांचं अपयश, बाजारातलं यश, यांतलं काहीही मांडायचं असेल तर तज्ज्ञाचं शपथपत्र फायनल रिजेक्शनच्या आधी फाइलमध्ये जायला हवं. नंतर ते घेताना ‘आधी का दिलं नाही’ याचं कारण लागतं, आणि ब्रीफ दाखल झाल्यावर तर दार जवळजवळ बंद होतं. एकदा आमच्या टेबलावर सोलण्याच्या जोराचे सुंदर तक्ते आले होते, ब्रीफ गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात. त्यांचं काही करता आलं नाही. अशा वेळी जास्तीची फी भरून तपासणी पुन्हा उघडणं हा मार्ग असतो, अपील नव्हे.

बाजारातल्या यशाबद्दल बजावून ठेवतो. पट्टी खपली ती तुमच्या कृतीमुळे, जाहिरातीमुळे किंवा डायपर स्वस्त झाला म्हणून नव्हे, हे दाखवावं लागतं. कृतीच्या क्लेममध्ये हा दुवा आणखीच नाजूक, कारण गिऱ्हाईक कृती विकत घेत नाही.

तारखा

फायनल रिजेक्शननंतर अपिलाची नोटीस साधारण तीन महिन्यांत, जास्तीची फी भरून जास्तीत जास्त सहा महिन्यांपर्यंत. नोटिशीबरोबरच पाच पानांच्या आतली एक छोटी विनंती जोडता येते. २००५ पासून ही सोय आहे. एक्झामिनरांचं मंडळ ती वाचतं आणि रिजेक्शन उघड चुकीचं असेल तर तिथेच मागे घेतं. चूक खरोखर पाच पानांत बसणारी असेल तरच हा उपाय वापरा.

नोटिशीपासून दोन महिन्यांत ब्रीफ. ही मुदत फी भरून वाढते. मग एक्झामिनरचं उत्तर येतं, आणि इथून घड्याळ कडक होतं. उत्तरापासून दोन महिन्यांत रिप्लाय ब्रीफ, त्याच दोन महिन्यांत तोंडी सुनावणीची मागणी, आणि अपील बोर्डाकडे पाठवण्याची वेगळी फी. नुसती फी भरून या मुदती वाढत नाहीत. पाठवण्याची फी राहिली तर अपील फेटाळलं जातं, मग ब्रीफ कितीही देखणं असो.

अर्जदार कंपनी असेल तर अमेरिकेत नोंदणी असलेला वकील किंवा एजंट लागतोच. पुण्यात किंवा नागपुरात बसून मसुदा तुम्ही लिहिलात तरी सही त्याची.

ब्रीफ लिहिताना

रचना नियमात ठरलेली आहे: खरा मालक कोण, संबंधित प्रकरणं, प्रत्येक स्वतंत्र क्लेमचा सारांश स्पेसिफिकेशनच्या (अर्जातल्या शोधाच्या वर्णनाच्या) पान-ओळीसह, युक्तिवाद, आणि क्लेमची प्रत. सारांशाकडे लोक दुर्लक्ष करतात. माझ्या मते न्यायाधीशांना यंत्र दाखवायची ती पहिली आणि सगळ्यात चांगली जागा आहे. चकत्या, फट, सोलणं, ताण, आकृतीच्या क्रमांकांसह क्रमाने सांगा.

युक्तिवादात दोनच मुद्दे घ्या, फार तर तीन. प्रत्येक मुद्दा असा: एक्झामिनरचं वाक्य उद्धृत, ते ज्या परिच्छेदावर टेकलंय तो परिच्छेद उद्धृत, आणि दोघांतली फट. वरच्या उदाहरणात परिच्छेद असा होईल:

‘फायनल रिजेक्शनच्या पान ४ वर ताण देण्याचं एकमेव कारण “आकडे वेगवेगळे करण्यासाठी” असं दिलं आहे. दुसऱ्या पेटंटात ही गरज कडा चिरल्यामुळे निर्माण होते. पहिल्या पेटंटात कडाही नाहीत, चिराही नाहीत. आकडे खाचेतूनच सुटे निघतात. जी गरज पहिल्या पेटंटात नाही ती भागवण्यासाठी कसबी माणूस त्यात बदल का करील, हे रिजेक्शन सांगत नाही.’

पाच वाक्यं, भारदस्त विशेषण एकही नाही.

मुख्य क्लेमवर अवलंबून असलेल्या क्लेममध्ये वेगळी ताकद असेल, समजा फटीत कापड सोडण्याचा टप्पा, तर त्याला वेगळं शीर्षक आणि खरा युक्तिवाद द्या. नाहीतर ते सगळे क्लेम मुख्य क्लेमबरोबर तरतील किंवा बुडतील. नुसतं ‘क्लेम ७ मध्ये कापड आहे आणि जुन्या कागदात नाही’ असं लिहिणं युक्तिवाद धरत नाहीत, हे २०११ च्या ‘इन रे लोविन’ मध्ये ठरलं. जो मुद्दा मांडला नाही तो बोर्ड स्वतःहून शोधत बसत नाही.

उत्तर आल्यावर

आता ते ‘प्लॅस्टिक वाचवण्यासाठी’. एक्झामिनरच्या उत्तरात असं नवं कारण आलं आणि त्याने त्यावर ‘नवा आधार’ असा शिक्का मारला, तर दोन महिन्यांत ठरवा: तपासणी पुन्हा उघडून नवा पुरावा द्यायचा, की रिप्लाय ब्रीफने अपील चालू ठेवायचं. काहीच केलं नाही तर त्या क्लेमपुरतं अपील जातं. शिक्का नसेल पण कारण नवं असेल, तर रिप्लाय ब्रीफच्या आधी पेटंट कार्यालयाच्या संचालकांकडे वेगळा अर्ज करावा लागतो. फक्त रिप्लायमध्ये ‘हे नवं आहे’ म्हणून कुरकुर केल्याने काही होत नाही.

पुरावा हाताशी असेल तर मी तपासणी उघडून घेईन. नसेल तर पुढे जाईन.

सुनावणीत अर्जदाराला साधारण वीस मिनिटं मिळतात आणि समोर तीन न्यायाधीश असतात. नवे मुद्दे नाहीत. शक्य असेल तर आकृती मोठी करून न्या. ‘आकडा बाहेर येताना नेमकं काय होतं?’ असा प्रश्न आला, तर उत्तर देणाऱ्याला ते ठाऊक असायला हवं.

बोर्डानंतर

रिजेक्शन उलटलं तर फाइल एक्झामिनरकडे परत जाते, आणि बहुधा पेटंट मिळतं. बोर्डाने स्वतःच नवा आधार दिला तर पुन्हा दोन महिने: तपासणी उघडून घ्यायची, की बोर्डाकडेच फेरसुनावणी मागायची. सरळ हरलात तर दोन महिन्यांत फेरसुनावणी मागता येते, किंवा ६३ दिवसांत वॉशिंग्टनच्या फेडरल सर्किट कोर्टात जाता येतं. तिथे नवा पुरावा चालत नाही. कायद्याचा प्रश्न कोर्ट नव्याने तपासतं, पण जुन्या कागदात काय आहे, कसबी माणसाला जोडायची प्रेरणा होती का, या गोष्टी वस्तुस्थिती मानल्या जातात. बोर्डाच्या निष्कर्षाला पुरेसा पुरावा असेल तर कोर्ट हात लावत नाही. म्हणून तिथे बोर्डाच्या विवेचनातली गाळलेली पायरी शोधायची. बोर्डाने न दिलेलं कारण पुढे करून कार्यालयाला निकाल वाचवता येत नाही. नवा पुरावा हवाच असेल तर व्हर्जिनियाच्या जिल्हा न्यायालयात दावा करता येतो, पण तिथे जिंकलात तरी पेटंट कार्यालयाचा खर्च तुमच्या माथी येतो. त्यात सरकारी वकिलांचे पगार धरायचे नाहीत, एवढा दिलासा सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये दिला.

तोच अर्ज भारतात असेल तर

भारतात राहून शोध लावलात तर परदेशात आधी अर्ज करण्यापूर्वी परवानगी घ्या, किंवा इथे अर्ज करून सहा आठवडे थांबा. इथला जुना आणि अजून रोज उद्धृत होणारा निकालही योगायोगाने बनवण्याच्या कृतीचाच: भांडी बनवायच्या यंत्रावरचा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम खटला, १९७८. सुप्रीम कोर्टाने त्याला कारखान्यातली नेहमीची सुधारणा ठरवून पेटंट रद्द केलं. दुसरीकडे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एव्हरी डेनिसनच्या अर्जाचा नकार उलटवला. नव्या शर्टाच्या लेबलला असतो त्या जातीच्या प्लॅस्टिक फासनरमधली एक खाच, एवढाच तो शोध. साधेपणा आड येत नाही, आणि जुना कागद व शोध यांच्यात किती वर्षं गेली हेही बघावं, असं कोर्टाने म्हटलं. भारतातलं बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाल्यामुळे मुंबई पेटंट कार्यालयाने नकार दिला तर तीन महिन्यांत अपील मुंबई उच्च न्यायालयात जातं. अमेरिकेसाठी केलेला तो तीन रकान्यांचा कागद सोबत न्या. इथल्या कंट्रोलरच्या, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याच्या, आदेशात तिसरा रकाना बऱ्याचदा कोराच निघतो.